भावाशी अबोला आणि दर रविवारी मिस्साला (चर्चच्या उपासनेला) हजर. हे चालतं का?

वाडीकर

बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

राखेच्या बुधवारी (उपासकाळाचा पहिला दिवस) कपाळाला राख लावून देवळातून, म्हणजे चर्चमधून, बाहेर पडलो, तर फाटकात थोरला भाऊ. त्याच्याही कपाळाला राख. दोघांनी एकदमच मान वळवली, त्याने डावीकडे, मी उजवीकडे. मागून बायको येत होती, तिला हसू आवरेना. मला मात्र रात्रभर झोप नाही.

आम्ही वसईचे. बाबा गेल्यावर १८ गुंठ्यांची वाडी दोघांत आली. रस्त्याकडचा भाग त्याने घेतला, मला आतला. विहीर आणि मोटार सामाईक. त्यावरून जे सुरू झालं त्याला आता सहा वर्षं होतील. तो देवळात माझ्या तीन बाक पुढे बसतो. मिस्सात शांतीची खूण करायची वेळ आली की मी मुद्दाम मागच्या बाकाकडे वळून हात जोडतो. लगेच पाच मिनिटांनी रांगेत उभा राहून कम्युनियन (पवित्र भाकर) घेतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट आहे: वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तिथे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. ‘भाऊ’ म्हणजे बंधुजन, सगळी माणसं, असं फादर समजावतात. माझ्या बाबतीत तेवढ्या लांब जायची गरजच नाही, सख्खाच आहे!

प्रश्न असा की देवळात जाणं बंद करू की हे ढोंग चालू ठेवू? संतांच्या गोष्टी नकोत. तुम्ही साधी माणसं हे कसं जमवता ते सांगा.

मासळीबाजार

ढोंगाचंच म्हणाल तर आमच्या घरी या. ईस्टरआधीच्या उपासकाळात शुक्रवारी मटण बंद. म्हणून काय, तर भरलं पापलेट, कोलंबीचं सुकं आणि जोडीला बोंबील तळलेले. इतर शुक्रवारी अंडाकरी असते. प्रायश्चित्ताचा खर्च आम्हाला परवडत नाही.

नगरची_सुनंदा

वाडीकर, आम्ही प्रॉटेस्टंट, नगर जिल्ह्यातले. आमच्याकडे प्रभूभोजन महिन्यातून एकदा. त्याआधी पाळकसाहेब करिंथकरांच्या पत्रातला भाग वाचतात, की माणसाने आधी आत्मपरीक्षा करावी आणि मग भाकर खावी, प्याल्यातून प्यावं. माझ्या आजीने हे फार मनावर घेतलं होतं. शेजारणीशी तिचं शेळीवरून भांडण झालं (शेळीने कोथिंबिरीचा वाफा साफ केला होता) आणि आजीने प्रभूभोजन घेणं बंद केलं. ताट आलं की पुढे सरकवायची. असं दीड वर्ष.

शेवटी म्हातारे पाळकसाहेब घरी आले, चहा प्यायले आणि जाताना म्हणाले, “बाई, तुम्ही जेवायचं सोडलंत, पण भांडण रोज जेवतंय की!”

आजी लगेच काही सुधारली नाही. पुढच्या महिन्यात तिने भाकर घेतली, शेजारणीशी मात्र बोलली नाही. बोलायला आणखी चार महिने गेले. त्या घरी बाळंतपण होतं तेव्हा डिंकाचे लाडू घेऊन गेली. म्हणजे क्रम उलटाच झाला म्हणा, वचनात सांगितलेला नव्हे. पण झालं.

शंकेखोर

मी देव मानत नाही, हे आधीच सांगतो. तुमच्यातली ती कबुलीची पद्धत मला कधी पटली नाही. पाप करा, जाळीआड बसलेल्या माणसाला सांगा, पाच प्रार्थना म्हणा, स्वच्छ. पुढच्या आठवड्यात परत मळवा. ही लाँड्री झाली.

निवृत्त_मास्तर

@शंकेखोर, लाँड्री शब्द आवडला, पण लाँड्रीत कपडे आपण धूत नाही, हा फरक आहे.

आमच्याकडे त्याला कुमसार म्हणतात, पोर्तुगीज काळातला शब्द. वर्षातून निदान एकदा तरी करावाच, हा नियम १२१५ सालच्या लॅटरन परिषदेपासूनचा. त्यात फक्त सांगणं नसतं. पश्चात्ताप हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, आणि ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई हवी. दुसऱ्याची कोंबडी चोरली आणि कुमसार केला, तर फादर आधी विचारतील की कोंबडी कुठे आहे. “पोटात आहे” म्हटलं तर तिची किंमत द्यावी लागेल.

लूकच्या १९व्या अध्यायातला जक्कय आठवा. जकातदारांचा मुख्य, गब्बर माणूस. येशू त्याच्या घरी जेवायला गेला तेव्हा त्याने भजन केलं नाही, हिशोब केला. अर्धी संपत्ती गरिबांना, आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत. माझ्या मते सबंध शुभवर्तमानात इतका व्यवहारी पश्चात्ताप दुसरा नाही.

वाडीकर, देवळात जायचं थांबवू नका. मिस्साच्या सुरुवातीलाच छातीवर हात मारून “माझा अपराध” म्हणतो ना आपण? आणि कम्युनियनच्या अगदी आधी सगळं देऊळ एका सुरात म्हणतं की प्रभो, तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी पात्रता नाही. मूळ वाक्य एका रोमन शताधिपतीचं, म्हणजे परक्या फौजेतल्या अधिकाऱ्याचं. बिशपसुद्धा ते म्हणतात. पात्र माणसांसाठीच रांग असती तर फादर एकटेच घरी गेले असते, तेही उपाशी.

शंकेखोर

कोंबडीचा मुद्दा मान्य. पण किती जण किंमत देतात?

निवृत्त_मास्तर

फार थोडे. चाळीस वर्षं शाळेत होतो, माणसं बघितली आहेत. मी स्वतःही दिलेली नाही अशी एक कोंबडी आहे. ती इथे लिहिणार नाही.

पाहुणा_पंढरीचा

मी माळकरी, या धाग्यावर तसा परकाच. पण एक सांगावंसं वाटलं. प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातला सातवा अध्याय एका ख्रिस्ती मित्राने वाचून दाखवला होता. जे चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही आणि नको असलेलं वाईट तेच होतं, असा तो माणूस कळवळून सांगतो. मी म्हटलं, अरे, हे तर आमच्या तुकोबांचं रात्रंदिवस युद्ध! माळ घातल्यावर राग जातो असं आमच्याकडेही लोकांना वाटतं. दिंडीत विणा कोणी धरायचा यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत. भांडतात, आणि टाळ वाजला की पुन्हा रांगेत उभे राहतात.

एक_दिवस

नाव विचारू नका, आमच्यात ते सांगत नाहीत. दारू सोडून ११ वर्षं झाली. आमची सभा (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) एका देवळाच्या हॉलमध्ये भरते. बाहेर पाटी नाही, तरी सगळ्या गावाला माहीत आहे.

आमच्या बारा पायऱ्यांतली चौथी म्हणजे स्वतःचा निर्भयपणे आढावा. आठवी, ज्यांना दुखावलं त्यांची यादी. नववी, शक्य असेल तिथे त्यांच्याकडे प्रत्यक्ष जाऊन भरपाई, मात्र त्याने त्यांचं किंवा आणखी कोणाचं नुकसान होणार असेल तर नाही. मी माझी पहिली यादी माझ्या मार्गदर्शकाला दाखवली तेव्हा त्याने शांतपणे विचारलं, “ही तू दुखावलेल्यांची यादी आहे की तुला दुखावलेल्यांची?” बघतो तर काय, बायको, सासरा, मॅनेजर... सगळी माझ्या तक्रारींची वही.

वाडीकर, राग मानू नका. तुमचा लेख मी दोनदा वाचला. भावाने काय घेतलं ते आहे. तुम्ही काय केलंत त्यावर एक ओळही नाही.

मासळीबाजार

आई शप्पथ. आता शांतता.

मेरी_पुणे

मला थोडं वेगळं बोलायचंय, जरा लांब होईल.

क्षमा करा, समेट करा, हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. माझ्या धाकट्या बहिणीला नवरा मारायचा. चर्चच्या मंडळीतल्या ज्या वडीलधाऱ्या बाईकडे ती सल्ला मागायला गेली, तिने काय सांगितलं असेल? सत्तर वेळा सात. म्हणजे ४९० वेळा क्षमा कर. बहीण शाळेत गणितात हुशार होती. ती म्हणाली, मोजायला बसले तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरतील.

तो उपदेश येशूने पेत्राला, आपल्या शिष्याला केलाय, आणि पेत्र विचारत होता ‘भावाने माझा अपराध केला तर’ असं. दोघं बरोबरीचे. जिचा हात पिरगळला जातोय तिला ते वचन फेकून मारायचं नसतं. क्षमा वेगळी आणि पुन्हा त्याच घरात राहायला जाणं वेगळं. बहीण आज वेगळी राहते, नोकरी करते, मुलांना उपासनेला नेते. नवऱ्याबद्दल कडवट बोलत नाही. पण त्याला घराचा पत्ता दिलेला नाही. माझ्या मते ती जास्त ख्रिस्ती आहे, त्या बाईपेक्षा तर नक्कीच.

वाडीकर, तुमचं प्रकरण तसं नाही हे कळतंय. पण हा धागा वाचणाऱ्या कोणी बाई असतील, त्यांच्यासाठी लिहिलं.

नगरची_सुनंदा

मेरीताई, शंभर टक्के. आमच्याकडे सहनशील बाईचं अंत्यसंस्कारात फार कौतुक होतं. जिवंतपणी कोणी विचारत नाही.

शंकेखोर

मेरीताईंचा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा. गंभीरपणे सांगतोय.

वाडीकर

सगळ्यांना उत्तरं द्यायची होती, पण @एक_दिवस यांचा प्रतिसाद वाचल्यावर चार दिवस इकडे फिरकलो नाही.

सांगतोच. तीन वर्षांपूर्वी भाऊ आजारी होता, हॉस्पिटलात होता. त्या आठवड्यात मी कुंपण बांधून घेतलं. जुन्या खुणेपासून दीड हात पलीकडे. मजुराने विचारलंही, “शेट, इथंच ना?” मी “हो” म्हटलं. भाऊ घरी आला, त्याने पाहिलं, काही बोलला नाही. त्यानंतर मी मोटारीच्या विजेच्या बिलातला माझा अर्धा हिस्साही देणं बंद केलं, कारण तो बोलत नाही म्हणून. असं आहे.

हे कुमसारातही सांगितलेलं नव्हतं. “भावाशी पटत नाही” एवढंच सांगायचो.

मासळीबाजार

बायबलातलं ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक, अध्याय १९: शेजाऱ्याच्या जमिनीची सीमा सरकवू नकोस. मोशेच्या काळातही वसई होती म्हणायची.

नगरची_सुनंदा

आमच्याकडे याला बांध कोरणं म्हणतात. दरवर्षी नांगरताना एक तास (नांगराची ओळ) जास्त. नगर जिल्ह्यात या पापाला जातधर्म नाही. आमच्या मंडळीतले एक पंच स्तुतिगीताला सगळ्यात मोठा आवाज लावतात आणि त्यांच्या बांधावरची बाभळ दर पाच वर्षांनी शेजाऱ्याच्या रानात चालत गेलेली असते.

पाहुणा_पंढरीचा

बाभळ चालत गेली 😂 ज्ञानोबांनी भिंत चालवली, तुमच्या पंचांनी बाभळ!

निवृत्त_मास्तर

वाडीकर, इथे लिहिलंत हे सोपं नव्हतं.

संतांच्या गोष्टी नकोत म्हणालात, तरी एक सांगतो, आपल्याच गावची. गोन्सालो गार्सिया. वसईत जन्म, १५९७ साली नागासाकीला क्रूसावर मरण, १८६२ साली संतपद. गासच्या देवळात आपण त्याचा सण करतो. पण त्याआधी काय? जपानमध्ये येशूसंघी फादरांबरोबर त्याने वर्षानुवर्षं काम केलं आणि संघात घ्या म्हणून मागणं केलं, ते मान्य झालं नाही. मग व्यापार केला, चांगला चालला. शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन संघाने घेतलं, तेही साधा ब्रदर म्हणून. नाकारलेला माणूस दुकान टाकून कडवट होऊन बसला असता तर कोणी दोष दिला नसता.

नगरची_सुनंदा

तो शेवटी संतच झाला ना मास्तर! मी आमच्याकडचं सांगते. लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, १९००मध्ये. मधल्या काळात नवऱ्याच्या देवाकडे यायचं की नाही, सोवळं सोडायचं की नाही, कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, हे सगळं त्यांनी पायरीपायरीने सोडवलं, रडत, चिडत, स्वतःला हसत. आणि टिळक? इतका मोठा कवी, आजही आमच्या उपासनेत त्यांची पदं म्हणतो. पण जमदग्नीचा अवतार, आणि हातात पैसा टिकेल तर शपथ. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त ते काहीही झाकलेलं नाही. ख्रिस्ती झाल्यावर माझा नवरा देवमाणूस झाला असं त्या लिहीत नाहीत. तो तापट होता तो तापटच राहिला, आणि तरी त्याचं देवावरचं प्रेम खोटं नव्हतं, असं वाचून मला वाटतं. लहानपणी वाचलं तेव्हा आमच्या पप्पांची पहिल्यांदा कीव आली.

शंकेखोर

म्हणजे तापट माणसाला देव मिळाल्यावर निष्पन्न काय? तापट + देव?

मासळीबाजार

@शंकेखोर, याचं उत्तर माशातून देतो, नेहमीप्रमाणे.

पेत्र आमच्या जातीचा, कोळी. येशूला पकडलं त्या रात्री अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी ऊब घेत उभा होता आणि दासीने, इतरांनी हटकलं तेव्हा तीनदा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. पुढे योहानाच्या २१व्या अध्यायात पहाटे किनाऱ्यावर येशू बसलाय, पुन्हा कोळशाचीच शेकोटी, वर मासे भाजतोय. जाळ्यात १५३ मासे. कोणीतरी मोजलेत बरं का, खरे कोळी! खाणं झाल्यावर येशू त्याला तीनदा विचारतो, तुझी माझ्यावर प्रीती आहे का? जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा. त्या रात्रीचा विषयही काढत नाही. आधी न्याहारी.

पण खरी गंमत पुढे आहे. एवढं झाल्यावर तरी पेत्र सुधारावा? गलतीकरांच्या पत्रात पौल सांगतो की अंत्युखिया शहरात पेत्र परजातीयांबरोबर (यहुदी नसलेल्यांबरोबर) जेवत होता, यरुशलेमेकडची कडक माणसं आली तसा घाबरून पंगतीतून बाजूला झाला. पौलाने सगळ्यांसमोर झापला. म्हणजे माणूस तोच, घाबरटपणा तोच. फरक इतकाच की पहिल्यांदा दासीला घाबरला, आता पंचांना. तरी मंडळीचा आधार तोच.

तर तापट + देव = उद्या पुन्हा माफी मागायला येणारा तापट. बिनदेवाचाही कोणी येत असेल तर त्याला माझा सलाम, बोंबील मी खिलवतो.

शंकेखोर

बोंबील मंजूर. बाकीवर विचार करतो.

मेरी_पुणे

मासळीबाजार, तुम्ही चेष्टा करता करता रडवलंत.

झापणारा पौल तरी कुठे धुतल्या तांदळाचा? बर्णबा त्याचा जुना जोडीदार. मार्कला बरोबर न्यायचं की नाही यावरून दोघांत इतकी जुंपली की वेगळे झाले, प्रेषितांच्या कृत्यांत आहे. पुढे तीमथ्याच्या पत्रात “मार्काला घेऊन ये, तो उपयोगी आहे” एवढी एक ओळ सापडते. मार्कशी जमलं. बर्णबाशी समेट झाल्याचं पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही.

एक_दिवस

@वाडीकर, एक सूचना. आधी कुंपण नको, आधी बिल. माझ्या मेहुण्याचे मी बुडवलेले पैसे होते. मी पहिल्या दिवशी सगळं सांगायला गेलो, भावनेच्या भरात, त्याने दार लावून घेतलं. दुसऱ्या वेळी फक्त पाचशे रुपये घेऊन गेलो, बोललो नाही, ठेवून आलो. दर महिन्याला. आठव्या महिन्यात तो म्हणाला, चहा घेणार का. आणि त्याने क्षमा करावी ही अपेक्षा ठेवू नका. तो त्याचा प्रश्न.

वाडीकर

पाम संडे (ईस्टरच्या आधीचा रविवार) झाला. अपडेट देतो.

जुनी बिलं काढून तीन वर्षांचा माझा अर्धा हिस्सा काढला. १४,३०० रुपये. पाकिटात घालून संध्याकाळी गेलो. भाऊ ओट्यावर केळीचे पिल सोलत बसला होता. म्हटलं, मोटारीचे. त्याने पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी उभाच. दोन मिनिटं म्हणजे किती मोठी असतात ते कळलं. शेवटी वहिनी बाहेर आल्या, पाकीट घेतलं, माझ्यासमोर नोटा मोजल्या आणि म्हणाल्या, “दोनशे कमी आहेत.”

खरंच कमी होते. घरी येऊन दोनशे घेऊन परत गेलो. तेव्हा भाऊ पहिल्यांदा बोलला. मान वर न करता. “कुंपणाचं?”

म्हटलं, चुकलं माझं. सरकारी मोजणी करून घेऊ, निघेल तिथे लावू, तोडायचा खर्च माझा.

तो “बघू” म्हणाला. चहा मिळाला नाही. रविवारी शांतीच्या वेळी मी पुढे पाहिलं. तो वळला नाही. वहिनी वळल्या.

कुमसार केला, यावेळी दीड हातासकट. फादर बराच वेळ गप्प होते.

नगरची_सुनंदा

वहिनींना माझा सलाम सांगा. दोनशे कमी आहेत 😂😂

मासळीबाजार

१५३ मासे मोजणारी बाई हीच असणार.

निवृत्त_मास्तर

इथे न लिहिलेल्या कोंबडीचं पाकीट मीही काल पोचतं केलं. तपशील विचारू नये.

शंकेखोर

वाडीकर, मोजणी झाली का?

वाडीकर

अर्ज केलाय. मोजणीची फी निम्मी निम्मी की सगळी मी भरायची, यावरून काल विहिरीवर अर्धा तास वाद झाला. आवाज रस्त्यापर्यंत गेला म्हणे. बायको म्हणते, सहा वर्षांत तुम्ही दोघं इतकं बोलला नव्हता.